ब्रिटनचं एक वर्ष की जर्मनीची दोन?

आयईएलटीएस (इंग्रजीची परीक्षा), एसओपी (हा अभ्यासक्रम का करायचाय ते सांगणारं निवेदन), शिफारसपत्रं वगैरे तुम्हाला माहीत आहेत असं धरून चालतो. इंजिनिअरिंगनंतर मास्टर्ससाठी ज्यांच्यासमोर आता ब्रिटन आणि जर्मनी हे दोनच देश उरलेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी मेकॅनिकलचा. दोन्हीकडून ऑफर होती आणि मी जर्मनीला गेलो, तेव्हा माझं पारडं कुठे जड पडणार ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

आधी फीचं बघू. 'जर्मनीत फी नसते' हे गावभर झालेलं वाक्य तसंच्या तसं धरू नका. बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरूहं, हायडेलबर्ग या पट्ट्यात, युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना 2017 पासून सेमिस्टरला 1,500 युरो पडतात. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठाने 2024 च्या हिवाळी सत्रापासून मास्टर्सला सेमिस्टरमागे 4,000 ते 6,000 युरो लावलेत. बाकीच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत मात्र अजूनही सेमिस्टरचं वर्गणीवजा शुल्क तेवढं भरायचं, आणि त्यात बऱ्याचदा बस-ट्रामचा पासही येतो. ब्रिटनमध्ये असा गुंता नाही, पण आकडा मोठा आहे. इंजिनिअरिंगच्या मास्टर्सची फी कित्येक ठिकाणी 20,000 पौंडांच्या वर जाते. तिथली सरकारी आरोग्यसेवा वापरण्यासाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला 776 पौंड, तो व्हिसाच्या अर्जासोबतच भरावा लागतो. शिवाय राहण्याखाण्याची ठरावीक रक्कम सलग 28 दिवस खात्यात पडून असल्याचं दाखवायचं, किंवा मग बँकेचं कर्जमंजुरीचं पत्र लावायचं.

माझा निर्णय झाला तो या कर्जमंजुरीच्या पत्रावरून.

सरकारी बँका शैक्षणिक कर्ज साधारण साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय देतात. त्यापुढे मिळकत गहाण ठेवा म्हणतात. आमचं घर तालुक्याच्या गावी, गावठाणातलं, आजोबांच्या नावावर. आजोबा जाऊन बरीच वर्षं झालेली, पण मिळकत पत्रिकेवर तेच. बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला आणि शांतपणे सांगितलं, आधी वारसनोंद करा, मग दोन्ही काका आणि आत्या यांचं हक्कसोडपत्र नाहीतर संमती आणा. आता आत्या म्हणजे आमच्यावर जीव टाकणारी बाई. सही द्यायला तिची ना नव्हती. पण 'हक्कसोड' हा शब्द घरात उच्चारल्याबरोबर ज्यांना इतकी वर्षं हक्क आठवला नव्हता त्यांनाही तो आठवला. धाकटे काका म्हणाले, पोरगा शिकतोय तर शिकू दे, पण एकदा वाटण्यांचंच बघून टाकू. बाबा त्या रात्री जेवले नाहीत. माझ्या एका वर्षाच्या डिग्रीसाठी अख्ख्या भावकीला सिटी सर्व्हे ऑफिसात उभं करायचं, आणि पुढे हप्ता चुकला तर त्या सगळ्यांच्या तोंडाकडे बघायचं, हे काही मला झेपेना.

तारण न घेता मोठं कर्ज देणाऱ्या खाजगी कंपन्याही आहेत, हे सांगायला हवं. त्यांचा व्याजदर चढा असतो आणि विद्यापीठ त्यांच्या यादीत असावं लागतं. ज्यांची घराची कागदपत्रं स्वच्छ, एकाच नावावर आहेत, त्यांना माझं हे रडगाणं लागूच नाही.

जर्मनीलाही पैसे दाखवावेच लागतात. ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रकमेपलीकडे काढता न येणाऱ्या खात्यात, वर्षाचे 11,904 युरो, आजच्या दराने बारा लाखांच्या वर. फरक एवढाच की ते पैसे तुमचेच राहतात. तिथे पोहोचल्यावर दरमहा 992 युरो तुमच्याच खात्यात परत येतात, त्यातून भाडं, विमा आणि किराणा भागवायचा. साडेसात लाखांचं बिनतारणी कर्ज आणि उरलेल्यासाठी बाबांची एफडी, यात आमचं जमलं. आत्याकडे फक्त पेढे घेऊन गेलो.

एका वर्षाचं आकर्षण मलाही होतं. लवकर संपतं, नोकरीला लवकर लागता येतं, हिशोब ऐकायला बरा वाटतो. पण माझा इंजिनिअरिंगचा वर्गमित्र बर्मिंगहॅमला गेला, त्याच्याकडून कळलं ते असं: सप्टेंबरात वर्ग सुरू, आणि मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर भरतीचे अर्ज भरायचे तेही त्याच शरद ऋतूत. म्हणजे हातात तिथला एकही गुण नसताना. मग जानेवारीत परीक्षा, उन्हाळाभर प्रबंध, आणि संपलंच. जर्मनीत दोन वर्षांत इंटर्नशिप होते, विद्यापीठातच सहायकाचं काम मिळतं (आणि विद्यार्थ्यांना काम करायला वर्षाला 140 पूर्ण दिवसांची जी मर्यादा आहे, तीत ते धरलं जात नाही), कुठल्या कंपनीत काय चालतं ते आतून दिसतं. उलट बाजू अशी की ही दोन वर्षं बऱ्याच जणांची अडीच-तीन होतात. माझीही झाली. आणि बहुतेक ठिकाणी एका विषयाला तीनच संधी असतात. तिसऱ्यांदाही राहिला तर नाव कमी होतं, आणि तो विषय सक्तीचा असेल तर तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे करणंही अवघड होऊन बसतं. आपल्याकडच्या एटीकेटीची सवय असेल तर हे नीट वाचून ठेवा.

गुणांचं रूपांतर हे अनेकांना शेवटी कळतं, म्हणून इथेच देतो. जर्मनीत 1.0 सर्वोत्तम आणि 4.0 काठावर पास. तुमचा सीजीपीए दहापैकी 7 आणि पास व्हायला 4 लागत असतील तर तिथे तुम्ही 2.5 होता. बऱ्याच अभ्यासक्रमांची प्रवेशाची रेषाही तिथेच असते. तुमचा आकडा 2.5 च्या वर, म्हणजे गुण त्याहून कमी असतील तर ब्रिटन जास्त उदार वाटेल, आणि बहुधा असेलही. जर्मन मंडळी शिवाय विषयवार अभ्यासक्रम ताडून बघतात. थर्मोडायनॅमिक्सचे क्रेडिट कमी भरले म्हणून नकार आलेला माणूस मला माहीत आहे.

भाषेचं मात्र मी लपवणार नाही. वर्गात सगळं इंग्रजीत चालतं, पण पोस्टाच्या पेटीत येणारं प्रत्येक पत्र जर्मनमध्ये. विमा, वीज, रेडिओची वर्गणी, सगळं. मी निघण्याआधी पुण्यात जर्मन ए2 पर्यंत शिकलो होतो (ए1 पासून सी2 पर्यंतच्या सहा पातळ्यांतली दुसरी). भाजी आणायला ते पुरलं, घरमालकाशी भांडायला पुरलं नाही. राहण्याच्या परवान्याच्या नूतनीकरणासाठी आमच्या शहरातल्या कार्यालयाची वेळ मिळता मिळता जुना परवाना संपत आला होता आणि झोप उडाली होती. बी1-बी2 शिवाय मेकॅनिकलची नोकरी मिळणं कठीण. आयटीवाल्यांचं जरा बरं चालतं. रोज संध्याकाळी क्रियापदांची रूपं घोकायचा ज्याला कंटाळा आहे, त्याने ब्रिटन निवडलं तर मी त्याला नावं ठेवणार नाही.

शिक्षणानंतर नोकरी शोधायला जर्मनी दीड वर्ष देते. ब्रिटन दोन देत असे, पण 1 जानेवारी 2027 पासून अर्ज करणाऱ्यांना तिथेही दीडच. म्हणजे 2026 च्या सप्टेंबरात एका वर्षाच्या मास्टर्सला बसणारा त्यातच येतो, जुन्या सीनिअरच्या हिशोबावर जाऊ नका. त्यानंतर तिथल्या कामाच्या व्हिसाला पगाराची अट आहे, सर्वसाधारण वर्षाला 41,700 पौंड, नव्या पदवीधरांना थोडी सवलत. जर्मन विद्यापीठातून पदवी घेऊन तिथेच पदवीला साजेशी नोकरी करणाऱ्याला दोन वर्षांत कायम वास्तव्याचा अर्ज करता येतो, बाकीच्या अटी अर्थातच पाळून.

कायदा, व्यवस्थापन, पत्रकारिता, किंवा चार वर्षांचा अनुभव गाठीशी असून परत येऊन त्याच कंपनीत बढती घ्यायची असेल, तर ब्रिटनचं एक वर्ष मला जास्त शहाणपणाचं वाटतं. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळत असेल तर विचारही करू नका, फक्त त्यात दोन वर्षं मायदेशी परतण्याची अट आहे. बाकी इंजिनिअरिंगवाल्यांना, त्यातही ज्यांच्या घराच्या उताऱ्यावर एकाहून जास्त नावं आहेत त्यांना, मी जर्मनीच सुचवेन.

अजून ठरत नसेल तर निदान क्रम चुकवू नका. एपीएसचं, म्हणजे तुमची पदवीची कागदपत्रं खरी असल्याचं जर्मनीसाठी तपासून देणाऱ्या कार्यालयाचं, प्रमाणपत्र आधी मागवा. 18,000 रुपये लागतात, वेळ लागतो, आणि त्याशिवाय जर्मनीचा व्हिसा नाही. हिवाळी सत्राच्या मुदती कुठे मार्चमध्ये, कुठे मेमध्ये, तर कुठे 15 जुलैला संपतात. प्रत्येक अभ्यासक्रमाची वेगळी बघावी लागते. ब्रिटनची कित्येक विद्यापीठं उन्हाळ्यातही अर्ज घेतात, त्यामुळे ते नंतर केलं तरी चालतं. फक्त तिथे डिपॉझिट भरायच्या आधी ते परत मिळण्याच्या अटी वाचा, आणि घराची मिळकत पत्रिका एकदा ऑनलाइन काढून कोणाकोणाची नावं आहेत ते बघून घ्या.