प्रवासखर्चाच्या क्लेमचं ॲप : काही महिने वापरल्यावर

कंपनीने घेतलेलं ॲप आहे, म्हणजे वापरणं भागच. ‘घ्यावं की नाही’ हा प्रश्नच नाही. पण ज्यांच्या ऑफिसात अशी प्रणाली येऊ घातली आहे, त्यांना डेमोत काय बघायचं ते यातून कळेल.

आधी चांगलं. डॅशबोर्ड झकास आहे. विभागवार खर्च, थकलेले क्लेम, महिन्याची तुलना, सगळं एका नजरेत. अडचण अशी की डॅशबोर्ड बघणारे मोजके, आणि क्लेम भरणारी सगळी सेल्स-सर्व्हिसची फिरती माणसं.

हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी नंबर हाताने टाकावा लागतो. 15 खणांचा नंबर : पहिले दोन आकडे राज्याचे (महाराष्ट्राचे 27), पुढचे दहा खण पॅनचे, उरलेले तीन नोंदणीचे, त्यातला शेवटचा पडताळणीचा. पॅनची रचना ठरलेली : पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. म्हणजे आठव्या ते अकराव्या खणात इंग्रजी ‘ओ’ येऊच शकत नाही, आणि तिसऱ्या ते सातव्यात शून्य येऊ शकत नाही. ही चूक ॲपला टाइप करतानाच पकडता आली असती. ते निमूट स्वीकारतं. मग अकाउंट्समधून क्लेम परत येतो, शेरा ‘इनव्हॅलिड डॉक्युमेंट’. नंबर चुकला, फोटो धूसर आला की तारीख राहिली, ते ज्याचं त्याने शोधायचं.

फोटोला मर्यादा 2 एमबीची. आजच्या फोनचा फोटो सहज त्याच्या वर जातो. अपलोड शेवटपर्यंत चालतं, मग एरर येते आणि अख्खा फॉर्म कोरा. उपाय : बिलाचा फोटो व्हॉट्सॲपवर स्वतःलाच साधा फोटो म्हणून पाठवायचा आणि तो उतरवून घ्यायचा, आकार कमी होतो. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर होत नाही. टोल आणि पेट्रोलची थर्मल कागदावरची बिलं पुसट होतात, त्यांचे फोटो त्याच दिवशी काढून ठेवा.

पंधरा मिनिटांत सेशन संपतं आणि ड्राफ्ट राहत नाही. कर्जत-लोणावळा घाटात गाडीत बसून क्लेम भरायच्या फंदात पडू नये.

सगळ्यात महागात पडलेला भाग मात्र खर्चाच्या प्रकारांचा ड्रॉपडाऊन. यादी अकाउंट्सच्या लेजरवरून जशीच्या तशी उचललेली. रिक्षाचं भाडं ‘लोकल कन्व्हेयन्स – नॉन-फ्लीट’मध्ये जातं, हे कुणाला सुचणार? म्हणून जो तो ‘मिसलेनियस’ निवडतो. परिणामी त्या झकास डॅशबोर्डवर सर्वांत उंच खांब ‘मिसलेनियस’चा. ज्या साहेबांसाठी सगळा घाट घातला, त्यांच्याच हाती निरुपयोगी रिपोर्ट.

ॲपलचे स्टीव्ह जॉब्स 2010 मध्ये ‘डी8’ या तंत्रज्ञान परिषदेत साधारण हेच बोलले होते : ऑफिसच्या बाजारात वापरणारा स्वतः निवड करत नाही आणि निवड करणाऱ्याचा कधी कधी गोंधळ असतो. हा गोंधळ केवढ्याला पडू शकतो, ते ऑगस्ट 2020 मध्ये सिटीबँकेत दिसलं. रेव्हलॉन या सौंदर्यप्रसाधन कंपनीच्या कर्जाचं सुमारे 78 लाख डॉलर व्याज तिच्या वतीने कर्जदात्यांना द्यायचं होतं, गेले जवळपास 90 कोटी डॉलर. मुद्दल बँकेतच ठेवायला पडद्यावर ‘प्रिन्सिपल’, ‘फ्रंट’ आणि ‘फंड’ असे तिन्ही खण भरायचे होते. एकच भरला गेला. तीन जणांनी तपासलं, तिघांनाही ते बरोबर वाटलं. अशा वेळी ‘स्टाफला ट्रेनिंग द्या’ म्हणणाऱ्या आयटी प्रमुखाने आधी तो पडदा स्वतः भरून बघावा.

वर सांगितलेल्यातल्या तीन गोष्टी आमच्याकडे नंतर बदलल्या, तिन्ही ॲडमिन सेटिंगमधूनच, व्हेंडरला पैसे न देता. प्रकारांची नावं बोलीतली केली (‘रिक्षा-टॅक्सी’, ‘एसटी-रेल्वे’, ‘जेवण’), ऑटोसेव्ह चालू केलं, आणि रिजेक्ट करताना कारण लिहिणं सक्तीचं केलं. परत येणारे क्लेम लगेच कमी झाले. जीएसटीचा खण अजून तसाच आहे, त्याला कोड बदलावा लागतो म्हणे.

डेमोत एकच आग्रह धरा : फिरतीवरच्या पाच जणांनी खऱ्या बिलांनिशी, स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर एकेक क्लेम भरायचा आणि व्हेंडरने तोंड उघडायचं नाही. पाच पुरतात, वापरसुलभतेचे तज्ज्ञ जेकब नील्सन 2000 सालापासून हेच सांगत आले आहेत. ते अडतील तिथलं दुरुस्त करून घ्या, मगच सही.

सध्या पाचपैकी तीन तारे. आणि साहेब रजेवर जाणार असतील तर त्यांच्या प्रोफाइलमधलं ‘डेलिगेट’ (त्यांच्या जागी क्लेम मंजूर करणारा) आधी भरून घ्या, नाहीतर ते परत येईपर्यंत क्लेम त्यांच्याच नावावर अडकून राहतो.