शिसवी टेबलाच्या नावाखाली आमचे ८५ हजार गेले

लिहू की नको असं दोन महिने चाललं होतं. नातेवाइकांना तर अजून खरा आकडा सांगितलेलाच नाही, "गेले थोडेफार" एवढंच म्हणते. पण परवा कळलं की मैत्रिणीच्या बहिणीलाही अगदी तसंच टेबल दाखवलंय, तोच "पारशी बंगला", तीच गोड भाषा, मग राहवलं नाही.

आधी हे सांगते की मी हावरटपणाने स्वस्तात काही मिळतंय म्हणून धावले नव्हते. आमचा नाशिकला तिवंध्याजवळ जुना वाडा होता, २०११ ला पाडला. त्यात सासऱ्यांचं एक गोल शिसवी टेबल होतं, मधे एकच जाड खांब आणि खाली तीन पाय, पायांना सिंहाचे पंजे कोरलेले. वाटण्यांच्या भांडणात कोणाचं लक्ष नव्हतं आणि ते टेबल १,२०० रुपयांना भंगारात गेलं. सासूबाई आता ८१ वर्षांच्या आहेत, अजून त्या टेबलाचं नाव काढतात. यांच्या रिटायरमेंटचे पैसे आले तेव्हा ठरवलं की इंदिरानगरच्या फ्लॅटमधे तसंच टेबल आणायचं, सासूबाईंनी त्यावर बसून जेवायचं. बस, एवढंच होतं मनात.

फेब्रुवारीत फॅमिली ग्रुपवर कोणीतरी फोटो फॉरवर्ड केला, देवळाली कॅम्पातला जुना पारशी बंगला पाडतायत, आतलं अँटिक फर्निचर विक्रीला आहे. आता देवळालीत असे बंगले आहेत हे नाशकातल्या शेंबड्या पोराला पण माहीत आहे, त्यामुळे शंका यायचं कारणच नव्हतं. माल मात्र अंबडच्या बाजूला एका पत्र्याच्या शेडमधे ठेवलेला. माणूस चाळिशीचा, बोलायला इतका नम्र की दर वाक्याला "ताई". त्याने ९५,००० सांगितले, आम्ही ७८,५०० वर आणले आणि आपण किती छान भाव केला असं वाटून घरी आलो.

हिशोब लिहून ठेवते. ॲडव्हान्स १८,५०० यूपीआयने. उरलेले ६०,००० कॅश, कारण "बिल पूर्ण केलं तर जीएसटी लागेल ताई, तुमचेच पैसे जातील". टेम्पो २,२००, हमाली ८००, आणि घरी आल्यावर "पॉलिशचा टचअप" म्हणून त्याच्याच माणसाने ३,५०० नेले. झाले ८५,०००. यूपीआय करताना नाव भलतंच आलं, एका बाईचं. "मिसेसचं अकाउंट आहे" म्हणाला. तिथेच थांबायला हवं होतं, नाव वेगळं आलं की पैसे पाठवायचेच नाहीत, मग समोरचा कितीही ताई ताई करो.

पण मला जे सगळ्यात जास्त लागलंय ते वेगळंच आहे.

मी विचारलं की हे खरंच जुनं आहे कशावरून, तर त्याने खिशातून टेप काढला. टेबलावर एकदा उभा धरला, ४८ इंच. मग आडवा धरला, ४८ इंच. "बघा ताई, शंभर वर्षं झाली, एका सुताचा फरक नाही, याला म्हणतात जुन्या कारागिराचं काम." आणि मी मान डोलावली!! यांना पण म्हणाले, बघा हो काय काम आहे. आमच्या घरी सासूबाईंचा सागवानी पोळपाट आहे, त्यांच्या लग्नातला. तो गोल नाहीये, किंचित लांबुडका झालाय, रोज पोळी लाटताना मला ते जाणवतं, गेली तीस वर्षं जाणवतंय. लाकूड वाळलं की रेषांच्या आडव्या दिशेने आकसतं, रेषांच्या लांबीत जवळजवळ आकसतच नाही, म्हणून अख्ख्या लाकडाचं जुनं गोल टेबल कधीच नेमकं गोल राहत नाही, एका बाजूने थोडं तरी कमी भरतंच. म्हणजे तो माणूस माझ्या डोळ्यांसमोर टेप लावून मला दाखवत होता की हे टेबल खोटं आहे, आणि मी ते जुनं असल्याचा पुरावा म्हणून बघत होते. त्या दिवशी सकाळीच मी त्या पोळपाटावर पोळ्या केल्या होत्या. रात्री झोप लागत नाही ती यासाठी, पैशासाठी नाही.

आता कोणी म्हणेल, ताई एवढं कळत होतं तर. नाही कळत हो! समोर टेबल असतं, घरचं जुनं आठवत असतं, डोळे भरून आलेले असतात, तेव्हा पोळपाट आठवत नाही कोणाला.

खाली वाकून पण बघितलं होतं मी, असं नाही की बघितलं नाही. टेबलाखाली सगळीकडे एकसारखा काळपट रंग मारलेला होता. नंतर सुताराने सांगितलं की पूर्वी टेबलाच्या खालच्या बाजूला कोणी पॉलिश करत बसायचं नाही, ती कोरी असते आणि वर्षानुवर्षं हवेने कमीजास्त काळवंडते. खालून रंगवलेलं असेल तर काहीतरी झाकलेलं आहे असं समजा. स्क्रू पण दिसले, डोक्यावर अधिकच्या चिन्हाची खाच असलेले. विचारलं तर "मागे रिपेअर केलंय" म्हणाला. असले स्क्रू १९३० नंतर आले, त्याआधी एकच सरळ खाच असायची. एखाददुसरा असेल तर रिपेअर म्हणू, माझ्या टेबलाला अकराच्या अकरा तसे होते.

आणि ते सर्टिफिकेट! जाड कागद, सोनेरी बॉर्डर, "व्हिक्टोरियन राउंड टेबल, रोझवुड, सन १९१०". राणी व्हिक्टोरिया १९०१ लाच वारली. आमचा मुलगा इंजिनिअर, त्याने वाचलं, मी वाचलं, यांनी वाचलं, कोणाच्या लक्षात आलं नाही. हे लोक व्हिक्टोरियन, कलोनियल, आर्ट डेको असे शब्द नुसते फेकतात. शेजारच्या टेबलाला तो "ब्रिटिश आर्ट डेको, १८८०" म्हणत होता. आर्ट डेको म्हणजे १९२०-३० च्या काळातली फॅशन, कोरीवकाम कमी, सरळ भौमितिक रेषा. साल आणि स्टाइल जुळतात का एवढं मोबाइलवर बघायला दोन मिनिटं लागतात, शेडमधे उभं राहूनच बघा, लाजू नका.

जुलैत पाऊस लागला आणि टेबलाची कड फुगली. मला वाटलं दमट हवा. मग एक दिवस पुसताना वरचा पापुद्राच फडक्याला लागून निघून आला, कागदासारखा. वाड्याची कामं करणारे आमचे जुने सुतार आहेत त्यांना बोलावलं. त्यांनी पटाशीने कड उचलली आणि काही बोललेच नाहीत थोडा वेळ. मग म्हणाले, "वहिनी, हा ब्लॉकबोर्ड आहे." म्हणजे पट्ट्या चिकटवून बनवलेला तयार बोर्ड, वरून विनियर म्हणजे लाकडाचा पातळ पापुद्रा, कडेला शिसवाची बारीक पट्टी चिकटवलेली, खांब आणि पाय आंब्याच्या लाकडाचे, त्यांना रंग दिलेला. ओल्या फडक्याने पाय चोळला तर फडकं तांबडं झालं. म्हणाले, "लाकूड म्हणून चार-पाच हजारांचा माल आहे, बाकी नुसती मजुरी." सासूबाई आतल्या खोलीतून ऐकत होत्या. त्या दिवसापासून त्या टेबलाबद्दल एक शब्द बोललेल्या नाहीत, ते मला जास्त लागतं.

सुतारांनीच सांगितलं की वरच्या रेषा कडेपर्यंत जाऊन खाली वळतात का ते बघायचं. अख्खी फळी असेल तर तीच रेष कडेवर पण दिसते. वर एक नक्षी आणि कडेला वेगळीच पट्टी असेल तर उठून घरी या. शिसव जड असतं, हे टेबल दोन पोरांनी हसत हसत तीन मजले चढवलं होतं. तेव्हा तो विकणारा म्हणाला, "जुनं लाकूड वाळून हलकं होतं ताई." इतकं हलकं नाही होत! शिसम आणि शिसव यात पण गोंधळ घालतात, शिसम उत्तरेकडचं झाड, राजस्थानी फर्निचरमधे असतं ते, आपलं सह्याद्रीतलं शिसव वेगळं आणि महाग. किडीची भोकं दाखवून जुनं आहे म्हणतात, पण शिसवाच्या गाभ्याला कीड सहसा लागतच नाही. जुनं पॉलिश लाखेचं असतं, स्पिरिटचा बोळा पॉलिशवर न दिसणाऱ्या जागी टेकवला की चिकट होतं, माझ्या टेबलावर काही झालं नाही कारण ते मेलामाईन होतं, म्हणजे हल्लीचं केमिकलचं पॉलिश. अर्थात जुन्या टेबलालाही कोणी नवीन पॉलिश केलेलं असू शकतं, एवढ्यावरच ठरवू नका.

आता पुढचं, जे फसवणुकीइतकंच वाईट आहे. शेडला कुलूप, फोन बंद. पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणाले शेड त्यांच्या हद्दीत नाही. ज्यांच्या हद्दीत आहे ते म्हणाले पैसे घरून पाठवले ना, मग तिकडे जा. यांना गुडघ्याचा त्रास आहे, पाच चकरा झाल्या. तिसऱ्या वेळी एक साहेब म्हणाले, "तुम्ही स्वतः बघून घेतलंय ना मॅडम? हे सिव्हिल मॅटर आहे." उद्या कोणी सोनं म्हणून पितळ विकलं तर तेही सिव्हिलच का? पाचव्या वेळी म्हणाले कुंभमेळ्याच्या बंदोबस्ताचं टेन्शन आहे, नंतर या. अहो, कुंभमेळा संपेपर्यंत तो माणूस आणखी दहा घरं बुडवेल! हद्द कुठलीही असो, तक्रार लिहून घ्यावीच लागते, झिरो एफआयआर म्हणतात त्याला, मी तो शब्द उच्चारला तर समोरचा हवालदार माझ्याकडे असा बघायला लागला की मीच गुन्हा केलाय. ऑनलाइन फ्रॉडच्या हेल्पलाइनवर सांगितलं तर म्हणे वस्तू मिळालीय ना, मग हे आमच्यात बसत नाही. बँकेत गेले, "पिन तुम्हीच टाकला" म्हणाले. म्हणजे फसलेल्या माणसाने जायचं कुठे?

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकली. वकील न लावता टाकता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, आणि दोन वर्षांच्या आत टाकावी लागते. पण तिथे पत्ता आणि बिल लागतं, आणि माझ्याकडे बिल आहे फक्त १८,५०० चं, त्यावर लिहिलंय "जुने लाकडी टेबल १ नग". साठ हजारांचा कुठेच पत्ता नाही. कॅश देऊ नका हो, काय वाटेल ते सांगू देत. आणि बिलावर लाकडाचं नाव, साल, सगळं लिहून घ्या, तो लिहायला का-कू करायला लागला की समजून जा.

माझ्याकडे यूपीआयची पावती, सर्टिफिकेट आणि सुतारांनी काढलेले सोळा फोटो आहेत. नाशिक, देवळाली, सिन्नर, ओझर, कुठेही कोणी या वर्षी देवळालीच्या बंगल्यातलं म्हणून गोल टेबल घेतलं असेल तर आजच टेप घेऊन दोन्ही बाजूंनी मोजा आणि खाली वाकून स्क्रू बघा. तुमच्याकडेही तसलं सोनेरी बॉर्डरचं सर्टिफिकेट असेल तर मला कळवा. पुढच्या महिन्यात ग्राहक आयोगात सुनावणीची पहिली तारीख आहे, एकटी बाई उभी राहण्यापेक्षा चार जणांची कागदपत्रं एकत्र असतील तर निदान ऐकून तरी घेतील.