कोकणातल्या घरासाठी पर्यायी वीज : इन्व्हर्टर, जनरेटर की सौर?

3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या तालुक्यांतील कित्येक गावे त्यानंतर काही आठवडे अंधारात राहिली. पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला समांतर वर सरकताना सिंधुदुर्ग-रत्नागिरीतील खांब आणि तारा पाडून गेले, तर 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीच्या पुराने चिपळूणच्या बाजारपेठेत तळमजले बुडवले. याशिवाय पहिल्या पावसात जंपर (खांबावरच्या तारांना जोडणारा तुकडा) उडून चार-पाच तास वीज जाणे हे तर दरवर्षीचेच आहे. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘किती व्हीएचा’, म्हणजे किती क्षमतेचा, ‘इन्व्हर्टर हवा’ असा येतो. घेणाऱ्याने मात्र त्याआधी तीन गोष्टी ठरवाव्यात : आपल्याकडे वीज तासांसाठी जाते की दिवसांसाठी, रिकामी झालेली बॅटरी पुन्हा कशाने भरायची, आणि पुराचे पाणी घरात कुठवर चढते.

आधी गरज मोजावी. दोन जुने छतपंखे प्रत्येकी 75 वॉटचे, 9 वॉटचे चार एलईडी दिवे, राउटर आणि मोबाइलचे चार्जर असा रात्रीचा भार धरला तर तो 200 वॉटच्या पुढे जातो. पंखे बदलून बीएलडीसी प्रकारचे, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, 30 वॉटच्या आसपासचे बसवले तर तोच भार 120 वॉटच्या खाली येतो. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्लाच्या ट्युब्युलर बॅटरीतून प्रत्यक्षात अकराशे-बाराशे वॉट-तास वीज हाती लागते. म्हणजे जुन्या पंख्यांवर ती साधारण साडेपाच तास चालेल आणि नव्या पंख्यांवर नऊ-दहा तास. दुसरी बॅटरी घेण्याच्या निम्म्याहून कमी खर्चात दोन पंखे बदलून होतात, त्यामुळे पुढच्या तुलनेत कोणताही पर्याय निवडला तरी पहिला खर्च पंख्यांवर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता बॅटरीचा प्रश्न. शिसे-आम्लाची ट्युब्युलर बॅटरी आणि इन्व्हर्टर यांचा संच साधारण 20 ते 25 हजारांत येतो, तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते आणि बॅटरी मेली तरी तिचे भंगाराचे पैसे मिळतात. नीट निगा राखली, वेळच्या वेळी डिस्टिल्ड वॉटर घातले, खाऱ्या हवेत गंजणाऱ्या टर्मिनलना पेट्रोलियम जेली लावली, तर ती चार-पाच वर्षे सहज टिकते. तितकाच वापर देणारी लिथियम-आयर्न-फॉस्फेटची व्यवस्था दीडपट ते दुप्पट महाग पडते, पण तिचे आयुष्यही साधारण दुप्पट असते. शांत काळात हे दोन्ही पर्याय बरोबरीचे आहेत आणि केवळ चार तासांच्या भारनियमनासाठी लिथियमवर जास्तीचे पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही.

आपत्तीत मात्र हे चित्र पालटते, आणि ते तीन कारणांनी. वादळानंतर वीज येते तेव्हा ती एकदम पूर्ववत होत नाही. दिवसाकाठी दोन तास येते, तीही कमी दाबाने, आणि पुन्हा जाते. ट्युब्युलर बॅटरी पूर्ण भरायला दहा-बारा तास लागतात, त्यामुळे त्या दोन तासांत तिचा पाचवा-सहावा हिस्सा भरतो, तर योग्य चार्जर असलेली लिथियम बॅटरी त्याच वेळात निम्म्याहून अधिक भरते. दुसरे कारण असे की, शिसे-आम्लाची बॅटरी रिकाम्या अवस्थेत पंधरा-वीस दिवस पडून राहिली तर तिच्या पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि वीज परत आल्यावर ती पूर्वीइतकी भरत नाही. अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहण्याने लिथियमचे तसे काही बिघडत नाही. तिसरे कारण वजनाचे आहे. नदीकाठच्या घरात, मध्यरात्री पाणी उंबऱ्याशी आले असताना, 55 किलोची आम्लाने भरलेली बॅटरी जिन्यावरून माडीवर नेणे दोघांनाही अवघड आहे, आणि जवळपास तितकीच वीज देणारी 100 अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी मात्र 12 ते 15 किलोचीच असते. चिपळूण, महाड, खेड अशा पूरप्रवण गावांत तळमजल्यावर राहणाऱ्यांना हे एकच कारण पुरेसे आहे. ट्युब्युलरच घ्यायची असेल, तर ती पहिल्या दिवसापासून माडीवर, हवेशीर जागी बसवून घ्यावी, कारण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन बाहेर पडतो. जुन्याच इन्व्हर्टरला लिथियम बॅटरी जोडण्याचा विचार असेल तर त्यात तशी चार्जिंगची सेटिंग आहे का, हे विकत घेण्यापूर्वी वायरमनकडून तपासून घ्यावे.

जनरेटरचे बलस्थान एकच आहे, पण ते मोठे आहे : तो पाण्याचा पंप चालवतो. एक अश्वशक्तीची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते आणि घरगुती इन्व्हर्टर तिथे मान टाकतो. अडीच-तीन केव्हीएचा पेट्रोल जनरेटर तिला पेलतो. मात्र भारावर तो तासाला लिटरभर पेट्रोल पितो. रोज तीन तास धरले तरी पंधरा दिवसांचे 45 लिटर होतात, आणि नेमक्या त्या दिवसांत झाडे पडून रस्ते बंद असतात व पेट्रोल पंपावरही वीज नसते. घरात एवढा साठा करणे हा स्वतःच एक धोका आहे. वर्षभर न वापरलेल्या जनरेटरच्या कार्ब्युरेटरमध्ये जुने पेट्रोल चिकटून बसते आणि ऐन वेळी तो सुरूच होत नाही, हेही नित्याचेच.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टींत मात्र तडजोड नको. पाऊस लागतो म्हणून जनरेटर पडवीत किंवा न्हाणीघरात ओढून चालवला, तर त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू वास न येता घरातल्या माणसांचा जीव घेऊ शकतो; तो उघड्यावर, दारे-खिडक्यांपासून लांबच ठेवावा. आणि दोन्ही टोकांना पिन लावलेली वायर घरातल्या सॉकेटमध्ये खुपसून अख्ख्या घराला वीज देण्याचा जो उद्योग काही ठिकाणी चालतो, त्यामुळे ती वीज उलटी बाहेर तारेवर जाते व खांबावर काम करणाऱ्या लाइनमनचा बळी जाऊ शकतो. चेंजओव्हर स्विच, म्हणजे घराला एका वेळी एकतर बाहेरची किंवा जनरेटरची वीज जोडणारा स्विच, बसवल्याशिवाय जनरेटर घराच्या वायरिंगला जोडू नये.

विहीर असलेल्या घरात दोर, घागर आणि रहाट जागेवर असतील तर जनरेटरची गरज बरीच कमी होते. पाण्यासाठी केवळ बोअरवेलवर अवलंबून असलेल्या घराची गोष्ट वेगळी, कारण तिथे घागर उतरत नाही. तरीही प्रत्येक घराने जनरेटर घेण्याऐवजी वाडीतल्या सात-आठ घरांनी मिळून एक घ्यावा, तो फिरवून टाक्या भरून घ्याव्यात आणि त्याच वेळात बॅटऱ्याही चार्ज कराव्यात, हे अधिक शहाणपणाचे आहे.

सौर विजेबाबत सर्वांत मोठा गैरसमज दूर व्हायला हवा. फेब्रुवारी 2024 पासून पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या छतावरील यंत्रणेला 78 हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि त्यामुळे गावोगाव पॅनेल दिसू लागली आहेत, परंतु बॅटरी नसलेली ऑन-ग्रिड, म्हणजे बाहेरच्या तारेला जोडलेली, यंत्रणा महावितरणची वीज जाताच स्वतः बंद होते. हा दोष नाही. लाइनमनच्या सुरक्षेसाठी ती तशीच बनवलेली असते. बिल कमी करायला ती उत्तम आहे, वादळासाठी तिचा उपयोग शून्य. संकटकाळासाठी हवी ती बॅटरीसह ऑफ-ग्रिड (बाहेरच्या तारेपासून स्वतंत्र) किंवा हायब्रिड (तार आणि बॅटरी दोन्हींना जोडलेली) यंत्रणा. 500 वॉटच्या पॅनेलवर मेच्या उन्हात दिवसाला दोन युनिटांच्या आसपास वीज मिळते आणि वर सांगितलेली रात्र त्यावर आरामात निघते. जुलैच्या झडीत हेच उत्पादन तिसऱ्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली येते, म्हणून पुराच्या काळात सौरवर भिस्त ठेवता येत नाही. शिवाय निसर्ग वादळात वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे होता. पत्र्याच्या किंवा कौलारू छपरावर कायमची ठोकलेली पॅनेल अशा वाऱ्यात छपरासकट जाऊ शकतात. हवामान खात्याचा इशारा आता दोन-तीन दिवस आधी मिळतो, तेव्हा बोल्ट सोडून काढता येतील अशी दोनच पॅनेल घ्यावीत आणि इशारा येताच ती उतरवून खोलीत आडवी ठेवावीत.

म्हणूनच किनाऱ्यालगतच्या, वादळाच्या वाटेवरच्या घराला मी लिथियम बॅटरी आणि उतरवता येणारी दोन पॅनेल सुचवेन. नदीकाठच्या घराला पॅनेलपेक्षा माडीवरची बॅटरी आधी. शहरातल्या पक्क्या वसाहतीत, जिथे वीज फार तर एखादी रात्र जाते, तिथे साधा ट्युब्युलर संच पुरे. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर असलेला रुग्ण असेल तर हा सारा हिशोब बाजूला ठेवावा. ते यंत्र सलग 300 वॉटच्या वर घेते, एका बॅटरीवर तीन-चार तासच चालते, आणि तिथे जनरेटरसोबत भरलेला सिलिंडरही हवाच. सेलवर चालणारा रेडिओ मात्र सगळ्यांनीच ठेवावा, कारण वादळानंतर मोबाइल टॉवरही बंद पडतात आणि घरचा राउटर चालू असून उपयोग नसतो.

चाकरमान्यांची जी घरे गणपती आणि मे महिना सोडून बंद असतात, तिथे ट्युब्युलर बॅटरी घेऊच नये. बंद घरात तिच्यातले पाणी आटते आणि ती आपोआप उतरत जाऊन खराब होते. दोन सौर कंदील आणि सोबत नेलेली पॉवर बँक तिथे भागवतात. तरीही बॅटरी हवीच असेल तर ती लिथियमची घ्यावी आणि मुंबईला निघताना अर्धी-पाऊण भरलेल्या अवस्थेत इन्व्हर्टरपासून सोडवून माडीवर ठेवावी.