फोर्टमधला ‘स्त्रिया आणि शांतता’ वर्ग: सहाशे रुपयांत काय मिळतं

मी मुंबई पोलिसांतून हवालदार म्हणून निवृत्त झाले. मोर्चे, गणपती, निवडणुका; उभी नोकरी बंदोबस्तात गेली. ‘आंतरराष्ट्रीय शांतता, सुरक्षा आणि स्त्रिया’ हा फलक वाचला आणि फोर्टमधल्या एका संस्थेच्या शनिवारच्या वर्गाला नाव घातलं. फी 600 रुपये, चहा धरून.

पहिला तास कंटाळवाणा. 31 ऑक्टोबर 2000 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1325 क्रमांकाचा ठराव संमत केला: तहाच्या बोलण्यांत बायका हव्यात, युद्धात त्यांना संरक्षण हवं. एवढं दहा मिनिटांत झालं असतं. मॅडम मात्र पुढच्या ठरावांचे नंबर वाचत राहिल्या.

पैसे वसूल झाले ते लायबेरियाच्या तासाला. पश्चिम आफ्रिकेतल्या या देशातली यादवी थांबवायला 2003 मध्ये घानातल्या अक्रा शहरात चाललेली तहाची बोलणी रखडली होती. शांततेसाठी झगडणारी तिथली कार्यकर्ती लेमा ग्बोवी आणि तिच्या सोबतिणी सभागृहाच्या दारातच बसल्या, आतल्या पुढाऱ्यांना बाहेर पडू देईनात. घेरावच की! अटक करायला माणसं आली, तर ही म्हणाली, अंगावरचे कपडे उतरवते. वर्ग हसला, मी नाही. अशा वेळी बंदोबस्तावरच्या शिपायाची काय गत होते ते मला विचारा. ऑगस्टमध्ये करार झाला. 2011 च्या शांततेच्या नोबेलमध्ये तिचाही वाटा होता.

मग आपली तुकडी. 2007 मध्ये सीआरपीएफच्या शंभरावर जणी शांतिसेनेतून लायबेरियात गेल्या. संयुक्त राष्ट्रांची बायकांची अशी पोलीस तुकडी जगात पहिलीच. राजधानी मन्रोव्हियात रात्रीची गस्त, राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयावर पहारा. 2016 मध्ये तुकडी परतली, तोवर तिथल्या सुरक्षा दलांत बायका शेकडा 6 वरून 17 झाल्या होत्या.

मी विचारलं, गस्तीवर संडासाची सोय काय होती? मॅडमना सांगता येईना. ड्युटीभर पाणी न पिता उभी राहिलेय मी. बायकांचा सहभाग अडतो तो इथे, आणि त्यावर वर्गात एक वाक्य नाही.

टिपणं सगळी इंग्रजीत. वर्ग मराठीत घेता, मग कागदाला काय झालं? दोन मजले जिना, लिफ्ट नाही. मागच्या रांगेत पंख्याच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही.

पाचपैकी साडेतीन. होमगार्डच्या आणि पोलीस भरतीच्या मुलींनी जरूर जावं, पहिला तास बुडाला तरी चालेल. फक्त लायबेरियाच्या तासाची वेगळी फी घेत नाहीत. मी विचारून पाहिलं.