घरच्या रूट बिअरसाठी कोणती मुळी? उपळसरी, मागळी आणि जमैकन सार्सापरिला: काही महिन्यांच्या वापरानंतर

सोलापुरात घरी रूट बिअर, म्हणजे सुगंधी मुळ्यांचं यीस्टनं फेसाळणारं गोड पेय, करणाऱ्यांना आधी एकच सांगेन: मुळी नावावर घेऊ नका, वासावर घ्या. काष्ठौषधीच्या दुकानात 'अनंतमूळ' मागितलं की वेगवेगळ्या वेलींची मुळं पुढ्यात येतात.

खरं अनंतमूळ म्हणजे उपळसरी (हेमिडेस्मस इंडिकस). ती बारीक, वेडीवाकडी, गडद तपकिरी असते. नखानं साल खरवडली की व्हॅनिलासारखा गोडसर वास दरवळतो. सगळा जीव त्या सालीत. आतला लाकडी गाभा जवळजवळ बिनवासाचा. म्हणून जाड, लाकूड झालेल्या मुळ्या स्वस्तात मिळाल्या तरी परवडत नाहीत. गुळाशी हिच्याइतकं कुणाचंच जमत नाही. माझी पहिली पसंती हीच.

आपल्याकडच्या तेलुगू घरांना नन्नारी सरबत नवं नाही. नन्नारी म्हणजे उपळसरीच, पण त्या नावानं पुष्कळदा मागळी ही दुसऱ्या वेलीची बोटाएवढी जाड, मांसल मुळी विकली जाते. दोन्हींतला मुख्य सुगंधी घटक एकच, पण मागळी उग्र, चावली की जीभ चुणचुणते. सरबताला झकास, रूट बिअरमध्ये मात्र आलं-दालचिनीला डोकं वर काढू देत नाही. वापरायचीच तर निम्मी घ्या.

अनंतमुळाचाच एक प्रकार म्हणून विकल्या जाणाऱ्या 'कृष्ण सारिवा'च्या मुळीला वासच नव्हता. या कामाची नाही.

जमैकन सार्सापरिला ऑनलाइन मागवली. ती स्मायलॅक्स नावाच्या वेलीची, कुळच वेगळं. महाग, चवीला मातकट-कडसर, सुगंध बेताचा. पण तिच्यातल्या सॅपोनिन या साबणासारख्या फेसाळ घटकामुळे फेस छान धरतो. जुन्या अमेरिकन रूट बिअरचा ओळखीचा वास मुख्यतः ससाफ्रास आणि विंटरग्रीन या तिकडच्या वनस्पतींचा. ससाफ्रासमधला सुगंधी घटक सॅफ्रोल खाद्यपदार्थांत वापरायला तिथं १९६० मध्ये बंदी आली. तेव्हा अस्सल चवीच्या आशेनं सार्सापरिला घेऊ नका. फेसापुरती चमचाभर पुरे.

उपळसरी खळाखळा उकळू नका, सुगंध वाफेबरोबर जातो. ५० ग्रॅम मुळी जाडसर कुटून दोन लिटर उकळत्या पाण्यात टाका, लगेच गॅस बंद करा आणि झाकून रात्रभर ठेवा. सकाळी गाळून, किंचित कोमट करून २०० ग्रॅम गूळ विरघळवा, चिमूटभर यीस्ट घाला. बाटली प्लास्टिकचीच घ्या, वर थोडी जागा सोडा. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४० च्या पुढे असतो, यीस्टच्या वायूनं बाटली काही तासांतच टणक होते. दर थोड्या वेळानं दाबून पाहा आणि टणक लागली की तडक फ्रीजमध्ये. काचेची बाटली या उन्हाळ्यात फुटू शकते.

साठवायची तर अख्खी मुळी हवाबंद बरणीत ठेवा. तयार भुकटी स्वस्त मिळाली तरी घेऊ नका, तिचा वास फार लवकर उडतो.