कुशीवर झोपणारीची गादी : लेटेक्स हायब्रिडवर आठ महिने

पाठीला कडक गादीच चांगली, हे इतक्या वेळा ऐकलं होतं की तपासून बघायचं कधी सुचलंच नाही. मी झोपते डाव्या कुशीवर. रात्री दोन-तीनच्या सुमाराला हाताला मुंग्या यायच्या, मग कूस बदला, मग तो खांदा ठणकायचा. सकाळी उठताना झोपेतून नव्हे, हमालीवरून आल्यासारखं वाटायचं.

उताणं झोपलं की वजन पाठभर पसरतं. कुशीवर ते मुख्यतः खांदा आणि खुबा या दोन ठिकाणी येतं. गादी कडक असली तर ही दोन्ही आत जात नाहीत आणि कंबर अधांतरी राहते. फार मऊ असली तर खुबा खोल जाऊन मणक्याची झोळी होते. म्हणून वरचा थर दबणारा आणि खालचा ठाम हवा. मी हायब्रिडकडे, म्हणजे खाली स्प्रिंग आणि वर फेस असलेल्या गादीकडे, वळले ती एवढ्यासाठी. माझ्या गादीत खाली सहा इंची पॉकेट स्प्रिंग (प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत) आणि वर तीन इंच टालाले लेटेक्स आहे. लेटेक्स म्हणजे रबराचा फेस; तो बनवायच्या दोन पद्धती, डनलॉप आणि टालाले. डनलॉप पद्धतीत फेस साच्यात ओतून थेट भाजतात, त्यामुळे जड कण तळाशी बसून ती बाजू जास्त घट्ट होते. टालालेत साचा अर्धवट भरतात, हवा खेचून फेस फुलवतात, गोठवतात आणि मग भाजतात. थर एकसारखा आणि हलका होतो. खांद्यासाठी मला तोच बरा वाटला.

विक्रेत्याला एक आकडा जरूर विचारा : आयएलडी, म्हणजे थर किती कडक त्याचं माप. चार इंच जाडीचा तुकडा 50 चौरस इंचाच्या तबकडीने 25 टक्के दाबायला जितके पौंड जोर लागतो, तो हा आकडा. माझ्या वरच्या थराचा 20 च्या आसपास आहे. माझं वजन मध्यम आहे. अंगाने भारी असाल तर जास्त आकडा बघा. नुसतं 'मीडियम फर्म' या शब्दावर जाऊ नका, प्रत्येकाचं मीडियम वेगळं असतं.

आता खरी गंमत. पहिले दहा दिवस मान जुन्या गादीपेक्षा जास्त दुखली. परत करायचं जवळजवळ ठरलंच होतं. मग नवऱ्याने माझ्या पाठीवर माकडहाडापासून मानेपर्यंत चिकटपट्टीचे तुकडे लावले आणि मी कुशीवर असताना मागून फोटो काढला. कंबरेपर्यंत रेघ सरळ, पुढे खांद्यापर्यंतही सरळ, आणि मानेचे शेवटचे दोन तुकडे एकदम छताकडे! गादी बिचारी निर्दोष होती. खांदा आता दोन बोटं आत रुतत होता आणि उशी मात्र कडक गादीच्या हिशेबाची, उंच. उशीची चेन उघडून तीन मुठी भरण काढलं. चौथ्या रात्री मान गप्प झाली.

दुसरी चूक माझीच. गादी नवी म्हणून जाड, ताणून बसणारं जलरोधक कव्हर घातलं. वरचा थर ढोलासारखा ताणला गेला, खांदा आत जाईना. विणीचं, लवचीक कव्हर घातल्यावर फरक कळला.

पलंगाच्या पट्ट्यांमधली फट साधारण तीन इंचांपेक्षा कमी असावी, नाहीतर गादी मध्ये मध्ये खाली झुकते; आम्हाला चार पट्ट्या वाढवाव्या लागल्या. रबराचा वास आठवडाभर होता. हिला ऊन दाखवू नका, उन्हाने लेटेक्स कडक आणि ठिसूळ होतं. रबराची ॲलर्जी असेल तर हा विषयच सोडा. आणि 'नैसर्गिक' हा शब्द सगळ्या गादीला लागू आहे की फक्त वरच्या थराला, हे लेखी घ्या. आमच्या विक्रेत्याने तोंडी सांगितलं 'सगळं नैसर्गिक', लेबलवर मात्र मिश्र लेटेक्स (नैसर्गिक आणि कृत्रिम मिसळलेलं) निघालं. तक्रार केली तर फोन उचलणंच बंद.

वजन अफाट. लेटेक्स एकाच बाजूला असल्याने ती उलटता येत नाही, फक्त डोक्याकडची बाजू पायाकडे फिरवायची. त्यालाही दोन माणसं लागतात आणि थोडं भांडण.

आठ महिन्यांनी गादीवर आडवा दोरा ताणून मोजलं. खुब्याच्या जागी जेमतेम अर्धा सेंटिमीटर खोलगट आहे, तोही दाबून पाहिलं तर वरच्या शिवलेल्या कापडातला. खालचं लेटेक्स लगेच उसळून येतं. हाताच्या मुंग्या गेल्या. काठ तेवढा लेचापेचा आहे, मोजे घालायला अजून खुर्चीवरच बसते.