जिंकलेल्या पैशांवरचा कर: गोव्याचा कॅसिनो, गावातली सोडत की परदेशातलं टेबल?

द्राक्षाचा हंगाम आटोपला की निफाड-पिंपळगावकडची मंडळी फिरायला निघतात, आणि निघण्याआधी त्यातले काही जण रिटर्नच्या कामासाठी माझ्याकडे येऊन जातात. यंदा एका बागायतदार काकांनी तीन प्रश्न एकदमच टाकले. मित्रांबरोबर गोव्याला जायचं ठरतंय, तिथं कॅसिनोत जिंकलो तर? इथल्या दुकानाच्या सोडतीत गाडी लागली तर? मुलगा अमेरिकेत आहे, तिकडे खेळलो तर? आणि शेवटी म्हणाले, "आमचं उत्पन्न शेतीचं, आम्हाला कसला कर?"

पहिली गाठ इथेच सोडवायला हवी. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे, जिंकलेली रक्कम नाही. आर्थिक वर्ष 2025-26 साठी लॉटरी, सोडत, पत्ते, घोड्यांची शर्यत, कॅसिनो या सगळ्यांवर सरसकट 30 टक्के कर आहे. त्या करावर 4 टक्के सेस, म्हणजे उपकर, धरला की एकूण 31.2 टक्के होतात. 4 लाखांची मूळ सूट या रकमेला लागू नाही. "12 लाखांपर्यंत कर नाही" हे जे सगळ्यांच्या तोंडी आहे, ती सवलतही या कराला मिळत नाही. विम्याचा हप्ता, पीपीएफ यांची वजावटही नाही. बाकी काहीच उत्पन्न नसलेल्या माणसाने 5 लाख जिंकले तरी 1,56,000 रुपये जाणारच.

आता गोवा. महाराष्ट्रात कॅसिनोला परवानगी नाही. 1976 चा कॅसिनो कायदा कधी अंमलात आलाच नाही आणि 2023 मध्ये तो रद्द झाला. म्हणून नाशिककर गोव्यात मांडवी नदीवरच्या कॅसिनोच्या बोटी गाठतात. तिथली खरी मेख आहे ती तोट्याची. समजा, पहिल्या रात्री स्लॉट मशीनवर तुम्हाला 60,000 रुपये लागले आणि पुढच्या दोन रात्रींत 70,000 गेले. तुमच्या मते तुम्ही 10,000 हरून घरी आलात. कायद्याच्या मते तुम्ही 60,000 जिंकलात, आणि त्यावर 18,720 रुपये देणं लागता. हरलेला पैसा वजा होत नाही, प्रवास आणि हॉटेलही नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून चिप्सपोटी (खेळायला घेतलेल्या टोकनांपोटी) भरलेल्या रकमेवर 40 टक्के जीएसटी आहे, तोही जिंकलेल्या रकमेतून वजा धरता येत नाही. हे ऐकून काका बराच वेळ गप्प होते, आणि मला त्याचं वाईट वाटलं, कारण त्यांनी तीन रात्रींचा हिशोब वहीत एकत्रच मांडून आणला होता.

एका व्यवहारात 10,000 च्या वर जिंकलं तर देणाऱ्याने 30 टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर, कापायचा असतो. कापला तर उत्तम. पॅन नीट द्या, फॉर्म 16ए हा कर कापल्याचा दाखला मागून घ्या, घरी आल्यावर आयकर खात्याच्या 26एएस आणि एआयएस या उताऱ्यांमध्ये ती नोंद दिसते का ते बघा. टीडीएसमध्ये सेस नसतो, तो रिटर्नच्या वेळी भरावा लागतो. टेबलावर मिळालेल्या रकमेवर काहीच कापलं गेलं नाही तर कर माफ झाला असं समजू नका. तो तुम्ही स्वतः अ‍ॅडव्हान्स टॅक्सच्या (वर्षातच आगाऊ भरायच्या कराच्या) पुढच्या हप्त्यात, निदान 31 मार्चपर्यंत भरायचा. एका दिवसात एकाच देणाऱ्याकडून 2 लाख किंवा जास्त रोख घेणं कायद्याने बंद आहे, तेव्हा मोठी रक्कम बँकेतूनच घ्या. बिनपुराव्याची रोकड खात्यात भरली आणि तिचा उगम सांगता आला नाही, तर 2025-26 या वर्षासाठी तिच्यावर 78 टक्क्यांपर्यंत कर बसतो.

सोडतीतली गाडी लोकांना सगळ्यात सोपी वाटते आणि मला सगळ्यात अडचणीची. दर तोच, पण बक्षीस वस्तूत आहे म्हणून देणाऱ्याला त्यातून कापता येत नाही. कर भरला गेल्याची खात्री झाल्याशिवाय त्याने किल्ली द्यायची नाही, असा नियम आहे. 8 लाखांच्या गाडीला 2,40,000 रुपये आधी रोख उभे करायचे, सेस धरून 2,49,600. माझ्या ओळखीतल्या एका घराने गाडी लागली म्हणून पेढे वाटले आणि आठवड्याने कर्ज शोधायला निघाले. कूपन भरण्याआधी कर आयोजक भरणार की तुम्ही, एवढं लेखी विचारा. राज्य लॉटरीचं बक्षीस पैशांत असतं, 10,000 च्या वर असेल तर कर कापूनच हातात येतं, कागद स्वच्छ राहतो. त्या बाजूने बघितलं तर तीच जास्त सुटसुटीत.

ऑनलाइन पैशांच्या खेळांचा विचारच सोडा. 2025 च्या केंद्रीय कायद्याने ते बंद झाले आहेत.

अमेरिकेत परदेशी पाहुण्याच्या स्लॉट मशीनच्या जॅकपॉटवर तिथेच 30 टक्के कापतात आणि कापलेल्या कराचा 1042-एस हा फॉर्म मिळतो. ब्लॅकजॅक, बाकारा, क्रॅप्स, रूलेट या टेबलावरच्या खेळांवर मात्र अशा पाहुण्याकडून तिथे कर घेत नाहीत. पण तुम्ही भारताचे रहिवासी असाल तर जगात कुठेही जिंकलेलं इथे दाखवावं लागतं. जॅकपॉटचा तिकडे भरलेला कर इथे फॉर्म 67 भरून वळता करून घेता येतो, मग इथे फरकाचे 1.2 टक्के उरतात. रूलेटवर तिकडे शून्य, म्हणून इथे पूर्ण 31.2. दोन्हीकडून हिशोब जवळपास एकच. कागद मात्र जॅकपॉटवाल्याकडे तयार असतो, रूलेटवाल्याला स्वतः जमवावा लागतो.

म्हणून काकांना मी सांगितलं, जायचंच असेल तर गोव्याला जा, पण कर कापून पावती मिळेल अशीच रक्कम घ्या. आणि टीडीएस 25,000 किंवा जास्त कापला गेला, ज्येष्ठांना 50,000, की शेतकऱ्यालाही रिटर्न भरावंच लागतं. त्यासाठी आयटीआर-1 किंवा 4 हे रिटर्नचे सोपे फॉर्म चालत नाहीत. नोकरी, पेन्शन किंवा फक्त शेती असेल तर आयटीआर-2, धंदा असेल तर 3. त्यात 'इतर उत्पन्न' खाली रक्कम वर्षातल्या कोणत्या कालावधीत मिळाली तेही लिहायचं असतं, तेव्हा जिंकल्याची तारीख वहीत टिपून ठेवा. काकांनी वही उघडली आणि तिन्ही रात्री वेगवेगळ्या लिहायला तीन रकाने आखले.